रंग भरणारे हात

कामं उरकली असतील तर निवांत बसा. नसतील उरकली तर हात चालू राहू द्या आणि कान तेवढे इकडे द्या.

आज मी सिनेमातल्या रंगांबद्दल बोलणार आहे. विषय सांगितला तेव्हा केंद्रावरच्या ताई हसल्या. म्हणाल्या, "अगं, रेडिओवर रंग कसा दाखवणार?" मी म्हटलं, दाखवायचा नाहीच आहे. तो कुणी लावला ते सांगायचं आहे.

मागच्या महिन्यात आपण सरस्वतीबाई फाळक्यांविषयी बोललो होतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, त्यामागे सरस्वतीबाईंचे किती कष्ट होते ते ऐकलंत. कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायची, रसायनं कालवायची आणि त्याच हातांनी सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायचा. तो कार्यक्रम ऐकून आमच्या बचत गटातल्या एका काकूंनी मला विचारलं, "ते झालं काळंपांढरं. मग रंग कुणी आणला गं?" मी बी.ए. झालेली, पण मला उत्तर येईना. म्हणून वाचत गेले, शोधत गेले.

खरं तर हा प्रश्न माझ्या मनात लहानपणापासूनच होता. मी सात-आठ वर्षांची असेन. पुसेगावच्या यात्रेत आजीनं मला तंबूतला सिनेमा बघायला नेलं होतं. पडद्यावर सगळंच तांबूस. आभाळ गुलाबी, झाडं तपकिरी, नायिकेची साडी विटकरी. मला वाटलं, सिनेमा असाच असतो. आजी मात्र सारखी चुळबुळत होती. शेवटी म्हणाली, "ही साडी हिरवी होती. मी बघितलाय हा पिक्चर. हिरवीगार होती." शेजारची बाई म्हणाली, "आजी, डोळे तपासून घ्या आता." तंबूत हशा पिकला. आजी गप्प बसली ती घरी येईपर्यंत. तिचं खरं होतं का, ते शेवटी सांगते.

आधी सुरुवातीपासून बघू. सिनेमाची फिल्म म्हणजे लांबच लांब पट्टी. ३५ मिलिमीटर रुंद, म्हणजे दोन बोटांएवढी. तिच्यावर ओळीनं चित्रं, एकेक चित्र लहान पोस्टाच्या तिकिटाएवढं. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रं डोळ्यांपुढून सरकायची. म्हणजे मिनिटाला जवळजवळ हजार. आता समजा, पडद्यावर एक बाई नाचते आहे आणि तिचा झगा पिवळा दिसायला हवा. कॅमेऱ्याला तर काळ्या-पांढऱ्यापलीकडे काही कळत नाही. मग काय करायचं? हातात बारीक कुंचला घ्यायचा आणि तो झगा हजार वेळा रंगवायचा. एका मिनिटासाठी.

आणि हे खरोखर करत होते. अमेरिकेत एडिसनच्या कंपनीनं १८९५ च्या सुमारास अॅनाबेल नावाच्या नर्तकीचा नाच चित्रित केला, त्याच्या प्रतींवर असाच हातानं रंग चढवला होता. पण या कामाचा मोठा कारखाना उभा राहिला तो फ्रान्समध्ये, पॅरिसला. आणि तो एका बाईचा होता.

तिचं नाव एलिझाबेथ थुलिए. आधी ती काचेवरची चित्रं रंगवायची, दिव्यापुढे धरून भिंतीवर दाखवतात तसली. सिनेमा आल्यावर तिनं फिल्म रंगवायची कामं घेतली. तिची मुलगी बर्थही याच धंद्यात होती. मायलेकींची ही कार्यशाळा. जॉर्ज मेलिएस हा त्या काळचा जादूचे सिनेमे करणारा मोठा माणूस. त्याच्या सिनेमांची रंगकामं इथूनच होत. १९२९ साली, हा धंदा मोडून बरीच वर्षं झाल्यावर, मादाम थुलिए यांनी एका मुलाखतीत सांगितलं की त्यांच्याकडे २२० बायका कामाला होत्या. रात्री त्या स्वतः बसून रंग निवडायच्या, तपासून बघायच्या. दिवसा कामगार बायका ते लावायच्या. प्रत्येक बाईकडे एकच रंग. एकीनं पिवळा लावला की पट्टी पुढच्या बाईकडे, तिच्याकडे तांबडा, तिच्यापुढे निळा. एका सिनेमात कधीकधी वीसहून जास्त रंग असत.

मेलिएसचा १९०२ सालचा 'चंद्रावरची सफर' हा सिनेमा तुम्ही कुठंतरी पाहिला असेल. चंद्राच्या डोळ्यात तोफेचा गोळा घुसतो, ते चित्र फार प्रसिद्ध आहे. जेमतेम पंधरा मिनिटांचा सिनेमा, पण त्यात तेरा हजारांहून जास्त चित्रं आहेत. एक प्रत रंगवायची तर हा सगळा पसारा रंगवायचा. दुसऱ्या प्रतीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या सिनेमाची हाती रंगवलेली प्रत कित्येक वर्षं कुठं सापडत नव्हती. १९९३ साली स्पेनमध्ये बार्सिलोनाला ती मिळाली. फिल्म चिकटून दगडासारखी झाली होती. एकेक चित्र जपून सोडवत, दुरुस्त करत अखेर २०११ साली कान महोत्सवात ती पुन्हा पडद्यावर आली. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा बाईनं लावलेला रंग लोकांनी पुन्हा पाहिला. मेलिएसचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. थुलिए मायलेकींचं नाव अभ्यास करणाऱ्यांना ठाऊक होतं. बाकीच्या २२० जणींपैकी कुणाचं?

पुढं पाते या मोठ्या फ्रेंच कंपनीनं जरा वेगळी युक्ती काढली. आपण रांगोळीचे छाप वापरतो ना, कागदाला नक्षी कापलेली, वरून रांगोळी टाकली की खाली नक्षी उमटते? तसंच. फिल्मच्या एका जादा प्रतीतून, जिथं रंग हवा तेवढाच भाग कापून काढायचा. मग तो छाप मूळ फिल्मवर ठेवायचा आणि रंगात भिजलेला मखमली पट्टा वरून फिरवायचा. जितके रंग तितके छाप. फायदा हा की एकदा छाप कापला की त्यावर कितीतरी प्रती निघत. पण कापणार कोण? पुन्हा बायकाच. पॅरिसजवळ विन्सेन इथं त्यांची मोठी कार्यशाळा होती. आधी हातातल्या पात्यानं कापायच्या. नंतर यंत्र आलं. चित्र मोठं करून समोर दिसायचं, बाई त्याच्या कडेवरून टोक फिरवायची आणि तिकडे विजेवर चालणारी सुई लहान चित्रात तेवढाच भाग कापायची. दिवसभर, एकामागून एक चित्र. हात जरा हलला की पडद्यावर बाईच्या ओठाचा रंग हनुवटीवर.

हे वाचताना मला आमचा गट आठवला. आमच्याकडे सातजणी कापडी पिशव्यांवर स्क्रीन प्रिंटिंग करतात. पिशवीवर मोर असतो. एकीकडे निळा, एकीकडे हिरवा, एकीकडे पिवळा. जाळीची चौकट खुणेवर बसवायची, रबरी पट्टीनं रंग ओढायचा, पिशवी वाळली की पुढच्या बाईकडे. गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याची ५०० पिशव्यांची ऑर्डर होती. त्यातल्या काही पिशव्यांवर रंग सरकला. मोराचा डोळा मानेवर आला. व्यापाऱ्यानं सगळ्याच मालाचे पैसे कापले. आणि जो माल चांगला निघाला, त्यावर आत स्वतःच्या दुकानाची पट्टी शिवून टाकली. चुकलं तेव्हा काम आमचं होतं, चांगलं झालं तेव्हा त्याचं. त्या दिवशी बैठकीत बायका एकमेकींवर ओरडत होत्या, 'हिरवा तुझ्याकडे होता', 'नाही, पिवळ्यानं घात केला'. मला काही सुचेना. ते राहू द्या, त्याच्याकडे परत येऊ.

एक सोपा मार्गही त्या काळी होता. अख्खी फिल्मच रंगाच्या पाण्यात बुडवायची. रात्रीचा प्रसंग असला की निळी, आग लागली की तांबडी, दिव्याच्या उजेडातलं घर असलं की पिवळसर. मूकपटांच्या काळात बहुतेक सिनेमे असे कुठंकुठं रंगवलेले असत. 'जुना सिनेमा म्हणजे काळापांढरा', हे आपण धरून चालतो ते पुरतं खरं नाही. पण या सगळ्यात रंग बाहेरून लावलेला. समोरच्या वस्तूचा खरा रंग कॅमेऱ्यानंच टिपावा, यासाठी दुसरीकडे धडपड चालली होती.

त्या धडपडीत आपला देश लवकरच आला. इंग्लंडमध्ये जॉर्ज अल्बर्ट स्मिथ आणि चार्ल्स अर्बन या दोघांनी किनेमाकलर नावाची पद्धत काढली. कॅमेऱ्यासमोर तांबड्या आणि हिरव्या काचेचं चाक फिरायचं. एक चित्र तांबड्या काचेतून, पुढचं हिरव्या काचेतून. दाखवतानाही तसंच चाक. इतक्या भरभर दाखवायचे की डोळ्यांत दोन्ही रंग मिसळून जात. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज बादशहा आणि राणी मेरी मुंबईला अपोलो बंदरावर उतरले, पुढं दिल्लीला दरबार भरला. या दौऱ्याचं चित्रण किनेमाकलरमध्ये झालं आणि १९१२ साली लंडनच्या स्काला थिएटरात दाखवलं गेलं. अडीच तासांचा कार्यक्रम. हत्तींच्या झुली, संस्थानिकांचे फेटे, हे सगळं लंडनच्या लोकांनी रंगात पाहिलं. पण या पद्धतीत दोन खोटी होत्या. हत्ती चालला, घोडा पळाला की त्याच्या कडांना तांबडी-हिरवी किनार सुटायची, कारण दोन चित्रं एकाच क्षणाची नसत. आमच्या मोरासारखंच, रंग सरकायचा. दुसरी खोट म्हणजे निळा रंग नीट येतच नसे. एका प्रतिस्पर्ध्यानं कोर्टात हेच दाखवून दिलं की निसर्गाचे सगळे रंग दाखवतो म्हणता, मग निळ्याचं काय? १९१४ साली त्यांचा हक्क रद्द झाला. त्या दरबाराच्या फिल्मचा आज फार थोडा तुकडा शिल्लक आहे.

मग आलं टेक्निकलर. हे नाव जुन्या सिनेमांच्या पाट्यांवर तुम्ही वाचलं असेल. ही कंपनी अमेरिकेत १९१५ साली हर्बर्ट कॅल्मस आणि त्यांच्या साथीदारांनी काढली. त्यांचीही सुरुवात दोनच रंगांपासून झाली. १९२२ साली 'द टोल ऑफ द सी' आला, त्यात अॅना मे वाँग ही चिनी वंशाची अमेरिकन नटी होती. तेव्हा तांबडी आणि हिरवी अशा दोन पातळ फिल्म पाठीला पाठ लावून चिकटवत. दिव्याच्या उष्णतेनं ती फिल्म पापडासारखी वाकायची आणि चित्र धूसर व्हायचं. सतरा वर्षं अशी खटपट करून १९३२ साली त्यांना तिन्ही रंग साधले. पहिला उपयोग वॉल्ट डिस्ने यांनी 'फ्लॉवर्स अँड ट्रीज' या छोट्या कार्टूनमध्ये केला, आणि १९३५ साली 'बेकी शार्प' हा पूर्ण लांबीचा सिनेमा आला.

ही पद्धत कशी होती ते सांगते, कारण ती आपल्याला सहज समजेल. कॅमेऱ्यात एक लोलक. तो आत आलेला उजेड वाटून द्यायचा. आत एकाच वेळी तीन काळ्यापांढऱ्या फिल्म चालायच्या. एकीवर तांबड्याची नोंद, एकीवर हिरव्याची, एकीवर निळ्याची. नीट ऐका, तिन्ही फिल्म काळ्यापांढऱ्याच. रंग चढायचा तो नंतर, छापताना. त्या तीन नोंदींवरून तीन ठसे बनवायचे. आपल्याकडे लाकडी ठशांनी कापड छापतात, तसे हे जिलेटिनचे ठसे. एक निळसर हिरव्या रंगात भिजवायचा, एक किरमिजी, एक पिवळा. एकामागून एक कोऱ्या फिल्मवर दाबायचे, खुणेला खूण जुळवून. तीन रंगांतून सगळे रंग. म्हणजे पडद्यावर जे इंद्रधनुष्य दिसायचं, ते ठशांनी छापलेलं असायचं!

टेक्निकलरचा हा कॅमेरा विकत मिळत नसे. भाड्यानं घ्यावा लागे, आणि त्याबरोबर त्यांचा माणूस आणि रंगांची देखरेख करणारी बाईही घ्यावी लागे. ती बाई म्हणजे नॅटली कॅल्मस. कोणत्या प्रसंगात कुणाचे कपडे कोणत्या रंगाचे, भिंत कशी, पडदे कसे, याचा ती प्रत्येक सिनेमासाठी तक्ता बनवायची. तिचं म्हणणं सगळा रंग एकदम ओतू नका, डोळे थकतात. ज्या माणसाकडे बघायचं त्याला उठाव द्या, बाकीचं मंद ठेवा. एका रंगाशेजारी दुसरा ठेवला की दोन्ही बदलून दिसतात, हे ध्यानात घ्या. साडीवर ब्लाउज निवडणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. पण दिग्दर्शकांना तिचा राग यायचा. ती अडवते, सगळ्यात नाक खुपसते, अशा तक्रारी व्हायच्या.

नॅटली ही हर्बर्ट कॅल्मस यांची बायको. पण १९२२ सालीच दोघांचा घटस्फोट झाला होता, आणि ते त्यांनी जगापासून लपवून ठेवलं होतं. कितीतरी वर्षं दोघं एकाच घरात राहिले. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस भांडण कोर्टात गेलं, नॅटलीच्या पदरात काही पडलं नाही आणि पुढं पडद्यावरून तिचं नावही गेलं. काहीजण म्हणतात, करारामुळे तिचं नाव उगाचच शेकडो सिनेमांना लागलं, काम तिच्या हाताखालचे लोक करायचे. असेलही. पुरुषांची नावं अशी किती लागली असतील, ते कोण मोजतं? माझ्या मनात येतं ते इतकंच. २२० जणींचं नाव कुठंच नाही आणि एकीचं सगळीकडे, आणि सगळीकडे असलेलंही एका भांडणात पुसलं जातं.

टेक्निकलरचा सगळ्यांत लाडका सिनेमा म्हणजे १९३९ चा 'द विझर्ड ऑफ ओझ'. डोरोथी नावाच्या मुलीची गोष्ट. मूळ पुस्तकात तिच्या पायांत चांदीच्या चपला आहेत. सिनेमात त्या लालभडक माणकांच्या केल्या, कारण रंगात चांदी काय उठून दिसणार? त्यात एक प्रसंग आहे. डोरोथीचं गाव मातकट, एकरंगी दाखवलं आहे. वादळात तिचं घर उडून दूरदेशी पडतं. ती दार उघडते आणि बाहेर सगळं रंगीत! लोकांचे श्वास थांबायचे म्हणे. हे केलं कसं? तो प्रसंग रंगीत फिल्मवरच घेतला होता. घराची आतली बाजू मातकट रंगवली. आणि दाराशी पाठमोरी उभी होती ती खरी नायिका ज्युडी गार्लंड नव्हतीच. तिच्या जागी उभी राहणारी बॉबी कोशे नावाची बाई होती, मातकट झगा घालून. तिनं दार उघडलं आणि ती बाजूला झाली. मग निळा झगा घातलेली ज्युडी पुढं आली. रंगाच्या दुनियेचं दार जिनं उघडलं, तिचं नाव सिनेमाच्या पाटीवर नाही.

आता आपल्याकडे येऊ. १९३३ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनं 'सैरंध्री' काढला, द्रौपदीची आणि कीचकाची गोष्ट. दिग्दर्शक व्ही. शांताराम. तो रंगीत करायचं ठरलं आणि रंगीत प्रतींसाठी शांतारामबापू थेट जर्मनीला गेले. पण रंग मनासारखे उतरले नाहीत, प्रयोग फसला. मग मुंबईत, ज्यांनी १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला बोलपट काढला, त्या अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीनं १९३७ साली 'किसान कन्या' केला. सिनेकलर ही दोन रंगांची पद्धत वापरून, सगळं काम आपल्या देशात केलेला हा पहिला रंगीत सिनेमा. तो फारसा चालला नाही. १९५२ साली मेहबूब खान यांचा 'आन' आला. तो लहान १६ मिलिमीटरच्या रंगीत फिल्मवर घेऊन मग मोठा केला होता. १९५३ साली सोहराब मोदींचा 'झाँसी की रानी' टेक्निकलरमध्ये आला, त्याचा कॅमेरा चालवायला हॉलिवूडहून अर्नेस्ट हॅलर आले होते. आणि १९५५ साली शांतारामबापूंचा 'झनक झनक पायल बाजे'. कोल्हापूरहून निघालेला रंगाचा हट्ट त्यांनी बावीस वर्षांनी असा पुरा केला.

मग सगळीकडे रंग कसा पसरला? १९५० साली कोडॅक कंपनीनं ईस्टमनकलर आणलं. तीन फिल्मची भानगड नाही, एकाच फिल्मवर तीन थर. साध्या कॅमेऱ्यात घाला आणि चालवा. टेक्निकलरचा तो अवजड कॅमेरा पाचेक वर्षांत मागं पडला. रंग स्वस्त झाला.

आणि इथं माझी आजी परत येते. ईस्टमनकलरच्या त्या काळच्या प्रतींमध्ये एक दोष होता. तीन थरांतला निळसर हिरवा रंग सगळ्यांत आधी उडायचा, पिवळाही फिका पडायचा. मागं उरायचा तो किरमिजी. म्हणून आभाळ गुलाबी. म्हणून झाडं तपकिरी. म्हणून हिरवी साडी विटकरी. म्हणजे आजीचं खरं होतं. तिचे डोळे अगदी ठीक होते, रंग फिल्मवरून उडाला होता. १९८० साली अमेरिकेत मार्टिन स्कॉर्सेसी या दिग्दर्शकानं या उडणाऱ्या रंगांविरुद्ध मोठी मोहीम चालवली, तेव्हा कुठं कंपन्यांनी टिकाऊ फिल्म काढली. मजा म्हणजे टेक्निकलरच्या ठशांनी छापलेल्या प्रती अजूनही ताज्या दिसतात. आणि रंग कायमचा जपायचा तर त्याच्या तीन काळ्यापांढऱ्या नोंदी करून ठेवतात. रंग उडतो, नोंद टिकते.

माझी आजी हे ऐकायला राहिली नाही. तंबूत हसलेल्या त्या बाईला शोधून सांगावंसं वाटतं.

शेवटची एक गोष्ट. फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळांत, रिळाच्या सुरुवातीला दोन-चार चित्रं एका बाईच्या चेहऱ्याची जोडत. शेजारी रंगांच्या पट्ट्या. तिच्या कातडीचा रंग नीट आला की बाकीचे रंग नीट आले, असं समजायचं. त्या पुष्कळदा तिथंच काम करणाऱ्या बायका असत. प्रेक्षकांना त्या कधी दिसायच्या नाहीत, त्यांची नावंही कुणी लिहिली नाहीत. आणि युरोप-अमेरिकेत तो चेहरा बहुतेक गोरा असायचा. म्हणजे मोजमापच गोऱ्या कातडीवरून. सावळ्या माणसाचा चेहरा काळवंडून गेला तर दोष त्याच्या रंगाचा. लग्नाच्या जुन्या फोटोत आपला चेहरा दिसत नाही म्हणून खंतावलेल्या बायकांनो, हेही लक्षात असू द्या.

हे सगळं मी आमच्या बैठकीत सांगितलं. पिशव्यांवरचं भांडण अजून मिटलं नव्हतं. त्या रात्री गटानं ठराव केला. आता मीटिंगच्या वहीत प्रत्येक मालापुढे लिहितो, निळा कुणी ओढला, हिरवा कुणी, पिवळा कुणी. चूक झाली तर कुठं झाली ते कळतं, आणि चांगलं झालं तर तेही कळतं. व्यापाऱ्याला सांगितलं, पिशवीला आमची चिठ्ठी राहू द्या. तो नाही म्हणाला. म्हणून पुढच्या १०० पिशव्या त्याला दिल्या नाहीत. तालुक्याच्या प्रदर्शनात नेल्या, आतून चिठ्ठी शिवून. चिठ्ठीवर तिघींची नावं. नावामुळे जास्त खपल्या का? नाही. ६० गेल्या, ४० परत आल्या. पण दुसऱ्या दिवशी निळा ओढणाऱ्या आमच्या मावशी आल्या, पदराची गाठ सोडली आणि परत आलेल्यातली एक पिशवी रोख पैसे देऊन घेऊन गेल्या. म्हणाल्या, "लेकीला दाखवायची आहे. तिला वाचता येतं."

तुमच्या गटाच्या वहीत कुणाचं काम कुणाच्या नावावर आहे, ते या आठवड्यात जरा उघडून बघा. आणि आजीनं एखादी साडी हिरवी होती म्हटलं, तर हसू नका, तिला विचारा.

पुढच्या वेळी भेटूच. नमस्कार.